दोन अ ब

आमच्या घरात दोन रेडिओ होते आणि ते एकमेकांना धड वाजू देत नसत.

एक आबांचा. व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीतला, गुंडी फिरवल्यावर तापून बोलायला लागेपर्यंत मिनिटभर घेणारा. सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी ही त्याची एरियल. दुसरा आईचा ट्रान्झिस्टर, सेलवर चालणारा, स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी. मध्ये विटांची पडदी. संध्याकाळी आबांना पुणे केंद्र लागायचं. आईला सांगली, कारण सांगली आमच्या वाळवा तालुक्याला जवळ, आवाज खणखणीत, भाकऱ्या थापताना कान देऊन बसावं लागत नसे. आबांचा रेडिओ तापून पुणं बोलायला लागलं की इकडे आईच्या सांगलीत एक बारीक, सुईसारखी शिट्टी सुरू व्हायची.

"मामंजींनी पुणं लावलं," आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची.

पलीकडे आबांनी गुंडी जराशी हलवली की शिट्टीचा सूर चढायचा किंवा उतरायचा. त्यांनी रेडिओ बंद केला की शिट्टी बंद. यात दोन गोष्टी मला लहानपणीही चमत्कारिक वाटायच्या. एक म्हणजे आईच्या सांगलीमुळे आबांच्या पुण्यात कधी शिट्टी येत नसे. त्रास एकाच बाजूने. दुसरी, आबांनी पुण्याऐवजी मुंबई लावली की दोन्ही रेडिओ गुण्यागोविंदाने चालायचे. मग पुण्यानेच सांगलीचं काय घोडं मारलं होतं? आजीचं म्हणणं, जुना रेडिओ आहे, कण्हतो. तिच्या उत्तराने बरीच वर्षं भागलं.

खरं उत्तर सापडलं १९९४ च्या मार्चमध्ये, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरआधी. मी सांगलीत गावभागात आत्याकडे राहून शिकत होते. पेपरला तीन दिवसांची सुट्टी होती आणि मॉड्युलेशन-डिमॉड्युलेशनचा, म्हणजे रेडिओच्या लहरीत आवाज घालायचा आणि परत बाहेर काढायचा, धडा मला येत नव्हता. म्हणजे पाठ होता. मॉड्युलेशनची व्याख्या, गरज, ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशनचं समीकरण, मॉड्युलेशन इंडेक्स, डायोड डिटेक्टरची आकृती, सगळं घडाघडा म्हणता येत होतं. पण त्याच वर्षीच्या चाचणीत मी त्या धड्यावर जे लिहिलं होतं, त्याच्या समासात सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता. "गुणाकार?" पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह मला सुटलेलं नव्हतं.

दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला इंग्रजीत गेलेल्या मुलांना एक सवय लागते. इंग्रजी शब्द आला की मनात त्याचं मराठी करून घ्यायचं आणि त्या मराठी शब्दावर विश्वास टाकायचा. केंद्र जी जलद, एकसारखी लहर सोडतं ती कॅरिअर वेव्ह, म्हणजे वाहक लहर. वाहक म्हटल्यावर वाळव्याच्या मुलीच्या डोळ्यांपुढे काय येणार? उसाची ट्रॉली. कॅरिअर ही ट्रॉली, आवाज हा ऊस, ट्रॉलीवर ऊस लादला की मॉड्युलेशन आणि कारखान्यावर उतरवला की डिमॉड्युलेशन. चाचणीत मी हेच जरा शास्त्रीय भाषेत लिहिलं होतं, दोन्ही लहरींची बेरीज करून. ऊस लादणं ही बेरीजच. ट्रॉली तीच राहते, ऊसही तोच राहतो, दोघं एकत्र प्रवास करतात. सरांनी गोल केला होता तो त्या अधिकच्या चिन्हाला.

गरज का आहे, तेवढं मात्र मला कळलं होतं आणि आवडलंही होतं, कारण त्यात अंतरं होती. एरियलची लांबी लहरीच्या लांबीच्या निदान चौथ्या हिश्शाच्या आसपास असेल तर ती नीट प्रक्षेपण करते. बोलण्यातली १ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला हजार, कंपनं थेट विद्युतलहरी म्हणून सोडायची म्हटली, तर लहरीची लांबी ३०० किलोमीटर, आणि एरियल ७५ किलोमीटर उंच. सांगलीहून कऱ्हाडला जायला एसटीने साधारण तेवढाच रस्ता लागतो. हा रस्ता उभा करून आभाळात रोवायचा! तेच सांगली केंद्राच्या १२५१ किलोहर्ट्झला लहर होते २४० मीटरची आणि मनोरा ६० मीटरचा भागतो. शिवाय सगळ्या केंद्रांनी आवाज आहे तसाच सोडला असता, तर बाजाराच्या दिवशी पेठेत जसा एकच कल्ला असतो तसा आभाळात झाला असता, कुणालाच वेगळं काढता आलं नसतं. म्हणून प्रत्येकाला आपापली उंच कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. इथपर्यंत ठीक होतं. अडत होतं ते पुढे.

पहिल्या रात्री मी आलेखाच्या कागदावर दोन्ही आकृत्या काढल्या. एक, जलद लहर आणि संथ लहर यांची बेरीज. दुसरी, पुस्तकातली मॉड्युलेट झालेली लहर. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं. बेरीज केलेली लहर म्हणजे सारख्या जाडीचा दोर नागमोडी होऊन वर-खाली जातोय. त्या दोराची जाडी कुठेच बदलत नाही. मॉड्युलेट केलेली लहर मात्र जागच्या जागी सरळ राहते आणि तिची जाडी बदलते. इथे फुगते, तिथे बारीक होते, वरची कड आणि खालची कड आरशातल्यासारखी एकमेकींसमोर. बेरजेची लहर एरियलला दिली तर तिथलं ट्यून केलेलं सर्किट संथ भाग गाळून टाकेल आणि बाहेर पडेल नुसती कॅरिअर, कोरी. ट्रॉली निघून जाईल, ऊस वळणावरच पडेल.

गुणाकारात तसं होत नाही. गुणाकारात आवाज कॅरिअरला म्हणतो, आत्ता इतकी मोठी हो, आता इतकी लहान हो. तो तिच्यावर बसत नाही, तिचं वागणं बदलतो. शाळेत वक्तृत्वाची तयारी करून घेणाऱ्या बाई "आवाजात मॉड्युलेशन आण गं" म्हणायच्या, तो शब्द मला तेव्हा पहिल्यांदा या धड्याशी जोडता आला. एकच स्वर एकाच पट्टीत, एकाच जोराने धरून ठेवला तर ऐकणाऱ्याला पहिल्या क्षणानंतर काहीही नवीन कळत नाही. तंबोरा तासभर छेडला तरी तो बातमी सांगत नाही. आपण बोलतो म्हणजे गळ्यातून येणाऱ्या कंपनांना जीभ, ओठ, टाळू यांनी क्षणोक्षणी बदलत राहतो. बदल हीच बातमी. शुद्ध, न बदलणारी कॅरिअर लहर कितीही ताकदीची असली तरी तिच्यात सांगण्यासारखं काही नसतं.

पण गुणाकार करायचा कसा? तारा जोडल्या की बेरीज होते, ते सोपं. दोन विजेच्या लहरींचा गुणाकार कोणतं यंत्र करतं? पुस्तकात लिहिलं होतं, नॉन-लिनिअर डिव्हाइस. त्याच्या पुढे एक वर्ग केलेला कंस होता. मी तो शंभरदा पाहिला असेल. त्या रात्री आत्याच्या घरात सगळे झोपलेले असताना तो कंस मी नुसता उघडून लिहिला आणि लिहिता लिहिता सातवी-आठवीतला ताल आपोआप तोंडात आला. अ अधिक ब कंसाचा वर्ग बरोबर अ वर्ग अधिक दोन अ ब अधिक ब वर्ग.

दोन अ ब!

आपण सगळ्यांनी हे सूत्र कवितेसारखं म्हटलेलं आहे. आणि सगळ्यांना एकदा तरी ओरडा बसलेला आहे तो या मधल्या पदासाठी, कारण आळशी पोर अ वर्ग अधिक ब वर्ग लिहून मोकळं होतं. सगळा रेडिओ त्या विसरलेल्या पदात आहे. दोन लहरी नुसत्या जोडा आणि अशा वस्तूतून जाऊ द्या, जी दिलेल्याच्या प्रमाणात उत्तर देत नाही, थोडं वाकडं देते, म्हणजे जिच्या उत्तरात वर्गाचा अंश असतो. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड असा आहे, ट्रान्झिस्टर असा आहे. मग बेरजेच्या पोटातून गुणाकार बाहेर येतो. सरळ वागणाऱ्या वस्तूतून कधीच येत नाही. रेझिस्टरमधून दोन लहरी वर्षभर सोडल्या तरी दोनच बाहेर पडतील.

पुढचं अकरावीच्या त्रिकोणमितीत होतंच. दोन साइनचा गुणाकार म्हणजे वजाबाकीचा कोसाइन आणि बेरजेचा कोसाइन. १२५१ किलोहर्ट्झच्या कॅरिअरला २ किलोहर्ट्झच्या स्वराने गुणलं की १२४९ आणि १२५३ अशा दोन नव्या लहरी जन्मतात, मूळ कॅरिअरच्या डाव्या-उजव्या हाताला. या साइडबँड. आणि इथे मला खरा धक्का बसला. २ किलोहर्ट्झची लहर एरियलमधून निघालीच नाही! आभाळात २ किलोहर्ट्झ कुठेही नाही. आहे फक्त १२४९, १२५१ आणि १२५३, तिन्ही उंच कंप्रतेच्या. गाणाऱ्याचा स्वर आहे तो त्यांच्यातल्या अंतरात.

अंतराचा हा हिशेब कुणालाही घरबसल्या तपासता येतो. मध्यम लहरींवर केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, म्हणजे प्रत्येकाच्या साइडबँडना डावीकडे साडेचार, उजवीकडे साडेचार. हा पट्टा ५३१ पासून सुरू होतो आणि ५३१ ला ९ ने भाग जातो, म्हणून आपल्याकडच्या प्रत्येक केंद्राच्या आकड्याला ९ ने भाग जातो. पुणे ७९२, सांगली १२५१, मुंबई ५५८ आणि १०४४. अंकांची बेरीज करून बघा, ९ नाहीतर १८. लहानपणापासून हे आकडे ऐकत आले होते, त्यांच्यात पाढा दडलाय हे त्या रात्री कळलं. मध्यम लहरींवर "स" आणि "फ" यांची गल्लत का होते त्याचंही कारण याच अंतरात आहे. या व्यंजनांची सळसळ बरीचशी साडेचार किलोहर्ट्झच्या वर असते आणि तेवढी जागा तिथे नसते.

शक्तीचा हिशेबही परीक्षेत हमखास विचारतात. कॅरिअर १०० वॅटची असेल आणि मॉड्युलेशन पूर्ण शंभर टक्के असेल, तर एकूण शक्ती होते १५० वॅट. त्यातले १०० कॅरिअरमध्ये, २५ एका साइडबँडमध्ये, २५ दुसऱ्यात. म्हणजे दोन तृतीयांश शक्ती त्या लहरीवर खर्च होते जिच्यात बातमी नाही, आणि उरलेल्या एक तृतीयांशात तीच बातमी दोनदा पाठवलेली. मी हे गणित सोडवताना चिडले होते. इतकी उधळपट्टी? एकच साइडबँड पाठवा ना! तसं करतातही. पण मग ऐकणाऱ्याच्या रेडिओला गाळून टाकलेली कॅरिअर स्वतः तयार करून परत मिसळावी लागते, अगदी तंतोतंत. तो रेडिओ महाग, नाजूक. कॅरिअर सोबत पाठवली तर ऐकणाऱ्याला एक डायोड पुरतो. म्हणजे मनोऱ्याने एकट्याने वाढीव वीज जाळायची, आणि त्या बदल्यात हजारो घरांतला रेडिओ स्वस्त व्हायचा, आईच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी बसायचा. हे कळल्यावर त्या १०० वॅटांबद्दलचा माझा राग गेला. अभियांत्रिकीतला इतका उदार निर्णय मला दुसरा माहीत नाही.

आता डायोड. माझा दुसरा अडलेला प्रश्न हाच होता. आकृतीत दाखवतात, लहर येते, डायोड तिचा खालचा अर्धा भाग कापतो, मग कंडेन्सर उरलेल्याची कड धरतो, झालं. पण कापायचं कशाला? कड तर आधीपासून दिसतेय की, वरही आणि खालीही.

दिसते ती आपल्याला, कागदावर. हेडफोनच्या पडद्याला ती दिसत नाही. पडदा सेकंदाला साडेबारा लाख वेळा हलू शकत नाही, त्याच्यापर्यंत पोचते ती सरासरी. वरची कड जितकी वर, खालची तितकीच खाली, म्हणून सरासरी प्रत्येक क्षणी शून्य. गाणं चालू असो वा नसो, शून्य. लहर फुगली तर दोन्ही बाजूंनी सारखीच फुगते आणि स्वतःला खोडून टाकते. डायोडने एक बाजू अडवली की खोडणारं कुणी उरत नाही. मग लहर फुगते तेव्हा सरासरी वाढते, बारीक होते तेव्हा कमी होते, आणि पडदा त्या तालावर हलतो. नदीकाठच्या माणसाला हे समजायला फूटव्हॉल्व्ह आठवावा. कृष्णेतून पाणी उपसणाऱ्या पाइपच्या तळाशी तो असतो, वर चढलेलं पाणी मागे पडू देत नाही. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व्ह.

आणि कंडेन्सर-रेझिस्टर म्हणजे तळाला बारीक भोक असलेला रांजण. प्रत्येक हिसक्यासरशी त्यात ओंजळभर पाणी पडतं आणि दोन हिसक्यांच्या मध्ये थोडं पाझरतं. भोक फार मोठं असेल तर प्रत्येक ओंजळीनंतर रांजण रिकामा होईल, पातळी नुसती थरथरत राहील. फार लहान असेल तर ओंजळी लहान होत गेल्या तरी पातळी उतरणारच नाही, आवाजाचा उतार हुकेल. सांगलीच्या कॅरिअरचं एक आवर्तन ०.८ मायक्रोसेकंदाचं, ५ किलोहर्ट्झच्या स्वराचं २०० मायक्रोसेकंदांचं. आरसी, म्हणजे रेझिस्टर आणि कंडेन्सर यांच्या आकड्यांचा गुणाकार, या दोघांच्या मध्ये, दोघांपासून बऱ्यापैकी लांब हवं. ५ किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेतला तर ५० मायक्रोसेकंद. ज्यांची परीक्षा जवळ आली असेल त्यांनी ते असमान चिन्हांचं सूत्र पाठ करण्याआधी हे तीन आकडे एका ओळीत लिहून बघावेत.

दुसऱ्या दिवशी मी अभ्यास सोडून दुकानात गेले. माझी बाजू अशी होती की मला पेपरसाठीच ते ऐकायला हवं होतं, पण खरं म्हणजे आता थांबवत नव्हतं. केंद्र निवडायचा एक गँग कंडेन्सर, फेराइटच्या कांडीवरची कॉइल, जास्त ओहमचा जुना हेडफोन आणि एक डायोड. डायोड मी आधी पॉवर सप्लायमधला सिलिकॉनचा लावला, कारण तो घरात होता. काहीच ऐकू येईना. सिलिकॉनला उघडायलाच सुमारे ०.७ व्होल्ट लागतात, आणि माझ्या एरियलमधून येत होता त्याचा अगदी थोडा अंश. मग जर्मेनियमचा ओए ७९ आणला, त्याला ०.२-०.३ व्होल्टच्या आसपास भागतं. आत्याच्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार ही एरियल, नळाचा पाइप हे अर्थिंग. गँग फिरवला आणि सांगली केंद्र बोलायला लागलं.

सेल नाही, वीज नाही. कानातला पडदा हलवणारी ताकद थेट त्या मनोऱ्यातून येत होती, ऊस आणि हळदीच्या रानांवरून गावभागातल्या त्या तारेपर्यंत. बाजारभाव चालू होते. मी गच्चीच्या कठड्याला टेकून हळदीचे दर शेवटपर्यंत ऐकले.

अशा स्फटिकाच्या डिटेक्टरचं पहिलं पेटंट जगदीशचंद्र बोस यांचं आहे. गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजावर टेकवलेलं धातूचं टोक, अर्ज १९०१ चा, अमेरिकेतलं पेटंट २९ मार्च १९०४ चं, क्रमांक ७,५५,८४०. माझा ओए ७९ त्याच घराण्यातला, काचेच्या नळीत स्फटिक आणि त्यावर टेकलेली तार. बोस यांच्या अर्जाच्या आदल्याच वर्षी, २३ डिसेंबर १९०० रोजी, अमेरिकेत पोटोमॅक नदीतल्या कॉब बेटावर रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी माणसाचा आवाज बिनतारी पाठवून दाखवला होता, दीडेक किलोमीटरवर. कॅरिअर ठिणग्यांची होती, खरखर प्रचंड. त्यांनी पलीकडच्या सहायकाला विचारलं ते इतकंच, की तिथे बर्फ पडतोय का. शास्त्राच्या इतिहासात इतकं घरगुती वाक्य नोंदलं गेलं याचा मला आनंद वाटतो. आणि ओघात आलंच आहे तर, सांगलीत कृष्णेवरच्या पुलाला ज्या लॉर्ड आयर्विन यांचं नाव आहे, त्यांनीच २३ जुलै १९२७ रोजी मुंबईच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटन केलं होतं. त्या पुलावरून रोज कॉलेजला जाताना मला हे माहीत नव्हतं.

फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, म्हणजे लहरीची उंची नव्हे तर कंप्रता बदलणं, मला आत्याच्या स्वयंपाकघराने शिकवलं. टीव्हीवर कार्यक्रम चालू असताना तिने चटणीसाठी मिक्सर लावला की चित्रावर ठिपक्यांच्या ओळी धावायच्या, आणि आवाज मात्र स्वच्छ राहायचा. तेव्हाच्या आपल्या टीव्हीत चित्र ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशनने येई आणि आवाज फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनने, दोघांच्या कॅरिअरमध्ये ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर. मिक्सरच्या मोटरमधल्या ठिणग्या लहरीची उंची बिघडवतात. चित्राची बातमी उंचीत होती, ती बिघडली. आवाजाची बातमी लहर किती वेगाने कंप पावते यात होती, उंचीकडे रिसीव्हर लक्षच देत नव्हता. "तुलनात्मक फरक लिहा" या प्रश्नाच्या तक्त्यातली "नॉइज" ही ओळ आत्या रोज संध्याकाळी टीव्हीवर काढून दाखवत होती.

हे ज्यांनी शोधलं त्या एडविन आर्मस्ट्राँग यांची गोष्ट मात्र धड्यात असायला हवी होती. १९२२ मध्ये जॉन कार्सन या अमेरिकन अभियंत्याने गणिताने दाखवलं होतं की फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनने जागा वाचत नाही, म्हणून त्यात काही फायदा नाही. गणित बरोबर होतं. आर्मस्ट्राँग यांनी प्रश्न उलटा केला. जागा वाचवायचीच कशाला, सढळ हाताने वापरू आणि त्या बदल्यात खरखर घालवू. १९३३ मध्ये त्यांना पेटंटं मिळाली. आयुष्याची शेवटची वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली आणि ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जीव दिला. खटले त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी पुढे चालवले आणि जिंकले. मी त्या आठवड्यात हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

आणि आमच्या घरातली शिट्टीसुद्धा आर्मस्ट्राँग यांचीच देणगी निघाली. १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात पॅरिसला असताना, त्यांनी सुपरहेटरोडाइन रिसीव्हर बनवला. प्रत्येक केंद्रासाठी सगळा रेडिओ नव्याने जुळवण्याऐवजी रेडिओच्या आत एक स्वतःची लहर तयार करायची, ती आलेल्या लहरीत मिसळायची, आणि फरकाची जी ठरावीक कंप्रता निघेल तिच्यावरच पुढचं सगळं काम करायचं. पुन्हा दोन अ ब. ही ठरावीक कंप्रता बहुतेक रेडिओंत ४५५ किलोहर्ट्झची असते. पेपरच्या आदल्या रात्री मी ब्लॉक डायग्रॅमची उजळणी करत होते. उदाहरण म्हणून सहज पुणे केंद्र घेतलं. ७९२ ऐकायचं तर आतल्या ऑसिलेटरने ४५५ ने वरची लहर काढायला हवी. ७९२ अधिक ४५५.

१२४७.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. सांगली १२५१! म्हणजे आबा पुणं लावायचे तेव्हा त्यांच्या लाकडी पेटीच्या आत १२४७ ची लहर जन्मायची, ती थोडी गळायची आणि सोप्यातल्या जाळीच्या पट्टीवरून पडदीपलीकडे जायची, सांगलीच्या दारात. आईच्या रेडिओत दोन्ही शिरायच्या. तिथेही त्या आधी ४५५ च्या आसपास उतरवल्या जायच्या, पण मधलं ४ चं अंतर तसंच राहायचं. मग डायोड. अ वर्ग, ब वर्ग आणि दोन अ ब. वजाबाकी, ४ किलोहर्ट्झ. शिट्टी! घरात ती शिट्टी कुठेच नव्हती, आबांच्या रेडिओत नव्हती, हवेतही नव्हती. ती आईच्या रेडिओतल्या डायोडमध्येच तयार होत होती. आबांनी गुंडी हलवली की १२४७ चं थोडं इकडेतिकडे व्हायचं, अंतर बदलायचं, सूर चढायचा-उतरायचा. आणि उलटा त्रास? सांगलीसाठी आईच्या रेडिओतली लहर १२५१ अधिक ४५५, म्हणजे १७०६. मध्यम लहरींचा पट्टा १६०२ लाच संपतो, तिथे कुणाचंच केंद्र नाही. मुंबईचं ५५८ लावलं तर १०१३, सांगलीपासून कोस दूर. सगळे आकडे एकापाठोपाठ एक आपापल्या जागी बसत गेले. रात्रीचे अडीच वाजले होते. आत्याला उठवून सांगावंसं वाटत होतं.

पेपर चांगला गेला. डायोड डिटेक्टर आला होता. आकृतीखाली मी सरासरी शून्य होण्याबद्दल चार ओळी जास्तीच्या लिहिल्या.

गेल्या महिन्यात भाच्याने इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या आदल्या रात्री पुण्याहून फोन केला. "मावशी, फॉर्म्युले आहेत सगळे. पण डायोडने अर्धी लाट कापायचीच का, ते कुठेच नाहीये." एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून हा धडा २०२२ मध्ये वगळला, त्यामुळे त्याची आणि या विषयाची गाठ तिथेच पहिल्यांदा पडत होती. मला त्या वगळण्याचं मनापासून वाईट वाटतं. भौतिकशास्त्राच्या अख्ख्या पुस्तकात हा एक धडा असा होता, ज्याची प्रयोगशाळा प्रत्येक घराच्या फळीवर ठेवलेली होती. मी त्याला आधी दोराच्या दोन आकृत्या काढायला लावल्या. मग विचारलं, अ अधिक ब कंसाचा वर्ग किती? तो पलीकडून हसला, म्हणाला, हे काय मावशी. आणि म्हणता म्हणता मध्येच थांबला. ती शांतता मला ओळखीची होती.

१९९४ च्या त्या परीक्षेनंतर मी गावी गेले ती हाच शोध घेऊन. संध्याकाळी आईला सांगली लावायला सांगितली, आबांना पुणं. शिट्टी आली. आबांना म्हटलं, आता गुंडी हळूहळू फिरवा, मी थांबा म्हणेपर्यंत. शिट्टी खाली खाली उतरत गेली, घोगरी झाली, मग नुसती धडधड उरली आणि एका ठिकाणी गप्प झाली. तिथे दोन्ही लहरी एक झाल्या होत्या. आबांनी गुंडीवरचा हात तसाच धरून मला सगळं दोनदा सांगायला लावलं. केरोसीनचं इंजिन आयुष्यभर चालवलेला माणूस, फूटव्हॉल्व्ह म्हटल्यावर लगेच मान हलवली. ४५५ पाशी जरा अडले. मग म्हणाले, "म्हंजी ही पेटी नुसती ऐकत न्हाई. बोलतीया बी."

"हो आबा. अगदी हळू. पडदीपलीकडं जाईल इतकंच."

ते बराच वेळ त्या पेटीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओला हात लावायच्या आधी त्यांनी सोप्यातूनच हाक दिली.

"सूनबाई, आमचं केंद्र सुरू होतंय गं."

आणि आईने आतून पीठ लागलेल्या हाताने सांगलीचा आवाज कमी केला.